लिंबोणीवरच्या अळ्या कढीपत्त्यावर

लिंबोणीवरच्या चार अळ्या मी कढीपत्त्यावर नेऊन सोडल्या आणि त्या उपाशी मेल्या.

लिंबोणी आमच्या अक्काची. अक्का माझी थोरली बहीण, अळणावरकडच्या खेड्यात एकटी राहायची. पायरीवरून घसरून खुब्याचं हाड मोडलं, तशी मी तिला उणकलच्या आमच्या नव्या घरी आणली. तिकडे तिचं करणारं कुणी नव्हतं. टेम्पोत तिच्या ट्रंकेशेजारी तेलाच्या डब्यात लावलेली लिंबोणीही आली. “ती येत नसेल तर मीबी येत नाही,” असं तिनं बजावलं होतं.

इथं आल्यावर दोघींनी अंग टाकलं. लिंबोणीनं पानं सोडली, अक्कानं जेवण. पेजेसाठी तांदूळ मी तिच्या गावाहून मागवला. एक चमचा तोंडात घालून ती म्हणाली, “तांदूळ आमचा. पाणी कुणाचं?” कामाच्या बाई रोज कानडीत विचारायच्या, “ऊटा आतेन्री?” जेवण झालं का, म्हणून. अक्का म्हणायची, “आत्री,” झालं. झालेलं काही नसायचं. चिवडलेलं ताट पलंगाखाली सापडायचं.

अशात लिंबोणीच्या पानावर मला पाखराची शीट दिसली. नखानं खरवडायला गेलो तर ती हलली. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस किती उंच उडी मारू शकतो, हे त्या दिवशी शेजाऱ्यांनी पाहिलं.

“अळ्या आहेत त्या,” अक्का खिडकीतून म्हणाली. “माझ्याबरोबर आल्यात. मारू नको.”

त्यानंतर ती उशीला टेकून बसायला लागली. अळ्या वाढल्या, हिरव्यागार झाल्या. त्यांचं खाणं ती तासन्‌तास बघायची. लिंबोणी मात्र बोडकी होत चालली.

मी मोबाइलवर शोधलं. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, या अळ्यांचं फुलपाखरू दोन्हींवर अंडी घालतं, अळ्या दोन्हींची पानं खातात. एवढं वाचून मी मोबाइल खिशात टाकला. कुंपणाजवळ आमचा कढीपत्ता नुसता माजला होता. अळ्या तिकडे न्यायच्या, त्या खायला लागल्या की अक्काला सांगायचं, बघ, किड्यालासुद्धा जमतं. नोकरीत माणसांच्या बदल्या केल्या होत्या, अळ्यांचं काय एवढं.

जुन्या टूथब्रशनं एकेक उचलली. प्रत्येकीनं डोक्यातून नारिंगी शिंगं काढली आणि घाणेरडा वास सोडला. बदलीच्या ऑर्डरवर माणसंही साधारण असंच करायची, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

त्यांनी पानांच्या कडा थोड्या कुरतडल्या आणि सोडून दिल्या. मग फांदीवर नुसत्या वरखाली हिंडत राहिल्या. बायको म्हणाली, “लिंबोणीवर परत ठेवा त्यांना.” मी म्हणालो, “भूक लागली की खातील.” हेच मी अक्काबद्दलही म्हणत होतो.

कढीपत्ता अक्काच्या खिडकीतून दिसत नव्हता, म्हणून ती विचारायची, “खाल्लं काय रे त्यांनी?”

“खाल्लं की.”

“पोटभर?”

“पोटभर.”

मग ती वाटीभर पेज प्यायची. खोटं बोलून अंगाला लागतंय म्हटल्यावर मी जास्तच बोलायला लागलो. एक अळी तर मी इतकी फुगवून सांगितली, की अक्का पहिल्यांदा हसली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या खिडकीच्या चौकटीवरून मुंग्यांची रांग चालली होती. सुरकुतलेलं, हिरवट काहीतरी त्या ओढून नेत होत्या. मी खोलीत गेलो तेव्हा अक्का त्यांच्याकडेच बघत होती. तिनं पेजेची वाटी हातानं बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड केलं. आठवडाभरात डॉक्टरांनी नाकात नळी घालण्याचं बोलणं काढलं.

मी मोबाइल पुन्हा उघडला. अंड्यातून निघाल्यापासून ज्या पानावर वाढली, त्याचीच कधीकधी अळीला इतकी सवय होते, की दुसरं चालण्यासारखं पान समोर असूनही ती उपाशी राहते. हे त्याच मजकुरात, जरा खाली लिहिलेलं होतं. तिथवर मी गेलोच नव्हतो.

पुढे कुठल्याशा फुलपाखरानं त्याच कढीपत्त्यावर अंडी घातली. त्यांतून निघालेल्या अळ्या कढीपत्ता असा खात होत्या, जणू जगात लिंबोणी नावाचं झाडच नाही. मला इतका आनंद झाला, की मी ती फांदी तोडली आणि अळ्यांसकट अक्काच्या खोलीत नेली.

“अक्का, बघ. खातात की नाही?”

तिनं मान वळवली. नळीमुळे आवाज घोगरा झाला होता.

“या तिथंच जन्मल्या, खुळ्या. जा, जिथनं तोडलीस तिथं बांधून ये. तू उचलून आणलेलं काही जगत नाही.”