परवानगी घेऊन मोडलेला हुकूम

आमच्या इतिहासाच्या मास्तरांइतका भित्रा माणूस उभ्या किनारपट्टीवर झाला नाही, आणि झाला असेल तर तो भीतीनं घराबाहेरच पडला नसेल, म्हणून आपल्याला ठाऊक नाही. केळव्याच्या शाळेत आम्ही दोघं बरोबर नोकरीला होतो. मी गणिताला, ते इतिहासाला, आणि एका नारळीच्या वाडीतली खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. आता भित्रा म्हणजे भुताखेताला, सापाला किंवा समुद्राला भिणारा नव्हे. खोलीत एकदा नाग निघाला तेव्हा मी खाटेवर चढून बोंबलत होतो आणि या गृहस्थांनी त्याला काठीनं अगदी अदबीनं बाहेरची वाट दाखवली. यांची भीती सगळी सरकारची. खाकी कपडा, पितळी बिल्ला, लाल शाईचा शिक्का, यातलं काहीही दिसलं की यांचे हात आपोआप जोडले जायचे. पोस्टमन आला तरी उठून उभे राहत. एसटीचं तिकीट प्रवास संपल्यावरसुद्धा फेकत नसत, का म्हणून विचारलं तर म्हणाले, "तपासायला घरी आले तर?" आईला लिहिलेल्या पत्राखाली 'आपला आज्ञाधारक' असं लिहीत. शाळा तपासायला साहेब येणार अशी नुसती कुणकुण लागली की यांना ताप भरे. सोंग नव्हे, खरा ताप. मी कपाळाला हात लावून पाहिलेला आहे.

आणि अशा माणसाचा जीव जडावा कशावर, तर ग्रीकांच्या एका जुन्या शोकनाटकावर. दोन भाऊ गादीसाठी लढून मरतात. राजा एकाला थाटामाटात निरोप देतो, दुसऱ्याला देशद्रोही ठरवून उघड्यावर टाकतो आणि दवंडी पिटतो की याला माती देईल त्याला मरणाची शिक्षा. बहीण म्हणते, तुझा हुकूम तुझ्यापाशी, माझा भाऊ माझ्यापाशी, आणि जाऊन माती देते. धडा पानिपताचा असो की पंचायत राज्याचा, मास्तरांची गाडी शेवटी या नाटकावर जायचीच. राजा करताना ते टेबलावर असे काही डोळे वटारून उभे राहत की पहिल्या बाकावरची पोरं मागे सरकत. बाजारातून परतणाऱ्या कोळणी टोपल्या उतरवून खिडकीशी ऐकत उभ्या राहत. मी मास्तरांना चिडवायचो, "अहो, त्या मुलीच्या जागी तुम्ही असता तर?" ते मनापासून दचकून म्हणत, "मी? मी त्या हुकुमाची नक्कल काढून चावडीवर डकवली असती. दोन प्रतींत."

पासष्ट साली लढाई सुरू झाली आणि मास्तरांच्या भीतीला सुगीचे दिवस आले. किनाऱ्यावर दिवा लावायचा नाही, असा हुकूम निघाला. तिकडे तारापूरला मोठं सरकारी बांधकाम चाललेलं, तेव्हा शत्रूचा डोळा आपल्याच बाजूला आहे असं जो तो छातीठोकपणे सांगत होता. आम्ही खिडक्यांना काळे कागद लावले. मास्तरांनी कौलांच्या फटींनाही लावले. खोलीत काजवा शिरला तर त्याच्यावर वाटी पालथी घातली. मी भरदुपारी विडी पेटवली तर म्हणाले, "नको हो, सवय लागेल." मी हसलो खरा, पण विडी विझवली. विमानाचा आवाज आला की सारं गाव माडांखाली पळायचं.

अशातच एका सकाळी किनाऱ्याला एक प्रेत लागलं. परक्या माणसाचं, अंगात फाटका निळा सदरा, चेहरा ओळखण्यापलीकडचा. कोणी म्हणे बुडालेला खलाशी, कोणी म्हणे शत्रूचा हेर. पालघरहून हुकूम आला की फौजदारसाहेब येईपर्यंत प्रेताला कोणी हात लावायचा नाही. लावील तो आत जाईल, आणि होडीवाला असेल तर त्याची होडी जप्त होईल. राखण करायला एक हवालदार बसवला. आता तिथल्या कोळ्यांचा रिवाज असा, की समुद्रानं परत दिलेल्या माणसाला दुसरी भरती लागू द्यायची नाही. त्याला पहिली मूठभर वाळू जो देईल तो त्याचा भाऊ. त्यानं सुतक पाळायचं, डोकं करायचं, म्हणजे मुंडण. भाऊ मिळाला की मग मयत बेवारशी राहत नाही आणि बाकीचे खांदा द्यायला मोकळे. पण त्या दिवशी भाऊ व्हायला कोणी तयार नव्हतं. तरणेताठे गडी सुरूच्या झाडांखाली खाली माना घालून बसले होते. फौजदाराचा पत्ता नव्हता. कुत्री जवळ येऊ लागली होती, आणि दुपार कलली तसं पाणी चढायला लागलं.

पारूबाय म्हणून एक म्हातारी कोळीण होती, शाळेच्या खिडकीशी उभी राहणारी कायमची श्रोती. ती तडक आमच्या खोलीवर आली आणि दारातच बसली.

"मास्तर, तुमच्या गोष्टीतली पोरगी काय म्हणली होती राजाला?"

मास्तर पांढरेफटक पडले. "पारूबाय, ते नाटक आहे."

"हां. पन आता पानी चढताय. माजा पोरगा जातो म्हनतो, पन त्याची होडी नेली तर आमी खावाचा काय? तुमाला होडी नाय."

"नोकरी आहे ना," मास्तर म्हणाले.

"ती पन हाय," म्हातारी म्हणाली. दारातून मात्र उठली नाही.

मास्तरांनी सदरा घातला, काढला, पुन्हा घातला. बटणं वरखाली लागली होती. मी म्हटलं, "अहो, वेड लागलंय का? हेराला मदत केली म्हणून धरतील, जन्मभर सुटायचे नाहीत." ते म्हणाले, "हो ना. धरतीलच." आणि चालू लागले. मीही मागोमाग निघालो.

वाळूवर पोचल्यावर या माणसानं जे केलं ते जगात दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. ते हवालदारापुढे जाऊन हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "हवालदारसाहेब, मी आता आपला हुकूम मोडणार आहे. आपली हरकत नाही ना?"

हवालदार मूळचा त्याच किनाऱ्यावरचा, रिवाज जाणणारा होता. त्यानं मास्तरांकडे पाहिलं, चढत्या पाण्याकडे पाहिलं. "मास्तर, मला सांगून केलात तर मला अडवाया लागल," तो कळवळून म्हणाला. "सांगू नका ना." आणि माडांकडे तोंड करून विडी पेटवायला लागला. काडी काही पेटेना.

मास्तर खाली वाकले. त्यांचा हात इतका कापत होता की पहिली मूठ वाऱ्यावरच गेली. दुसरीही निम्मी सांडली. तिसरी छातीवर पडली. मग सुरूखालून पारूबायचा मुलगा उठला, त्याच्यामागे आणखी गडी उठले. त्यांनी मयताला वर उचलून नेलं आणि झाडांच्या मुळाशी खोल पुरलं.

उजेड होता तोवरच जीप आली. सगळ्यांच्या आधी मास्तरच पुढे झाले. फौजदारानं खेकसून विचारलं, "मयत तुमचा कोण?"

"भाऊ."

"नाव काय त्याचं?"

"माहीत नाही, साहेब."

"तो शत्रूचा निघाला तर तुम्ही शत्रूचे भाऊ. कळतंय का? गावानं जबरदस्ती केली असं लिहून द्या आणि घरी जा."

मास्तरांच्या कपाळावरून घाम निथळत होता. आयुष्यात त्यांनी साहेबाला कधी नाही म्हटलं नव्हतं. "तसं लिहिता येणार नाही, साहेब," ते म्हणाले. "मला उद्या डोकं करायचं आहे."

त्यांना जीपमध्ये घालून नेलं. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दाराशी पावलं वाजली की वाटे, आता मला न्यायला आले. मास्तर एका दुपारी परत आले ते गोटा करूनच. पालघरच्या बाजारात न्हावी गाठून मगच बस धरली होती. लढाई संपेपर्यंत दर आठवड्याला हजेरी द्यायला जात, आणि जायच्या आदल्या दिवशी नेमानं ताप येई. भाऊ हा शब्द मात्र त्यांनी मागे घेतला नाही.

वर्गात ती गोष्ट पुढे रंगेनाशी झाली. पोरं फारच मागे लागली तर मुलीनं माती देईपर्यंत सांगत आणि खडू खाली ठेवत. टेबलावर चढणं बंदच. मी एकदा छेडलं तेव्हा म्हणाले, "राजा करायला जमत नाही हो आता. डोळे वटारले की तो फौजदार दिसतो. पंचविशीचं पोर ते. माझा जबाब लिहिताना त्याचा हात माझ्यापेक्षा जास्त कापत होता. म्हणाला, मास्तर, तुम्हाला सोडलं तर वरचे मला विचारतील. मी म्हटलं, हो, विचारतील."

"मग?"

"मग काय? कोठडीतल्या मडक्यातलं पाणी काढून दिलं त्याला. प्यायला बिचारा."

मास्तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मी तो दिवस पुन्हा डोळ्यांपुढे आणतो. आम्ही सगळेच भ्यालो होतो, गाव, हवालदार, फौजदार, मी, आणि सगळ्यांत जास्त मास्तर. न भ्यालेला एकच होता, त्याला आम्ही सुरूच्या मुळाशी ठेवला. त्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही.