वैशालीच्या पोटातले कूळ

मयत : वैशाली, माझी सख्खी पुतणी. ठिकाण : सासरचे घर, मौजे पाली, तालुका रत्नागिरी. वेळ : मागील महिन्यातली एक सकाळ. हजर साक्षीदार : पती महेश, बोटीवरून रजेवर आलेला, मुलगी स्वरा, वय पाच, आणि कचेरीबाहेर बसून उभी हयात लोकांचे अर्ज लिहिणारा मी. तक्रारीचा विषय : बाराव्याच्या दिवशी त्या घरात उच्चारले गेलेले एक वाक्य. ते यथावकाश येईल.

स्वराच्या वेळी वैशालीला तिसरा महिना होता, तेव्हा तिची कंबर दुखू लागली. गरोदरपणी ती दुखतेच, असे घरातील प्रत्येक बाईने सांगितले आणि तिलाही ते पटले. ती तपासणीला गेली ती केवळ बाळाची सोनोग्राफी करायची म्हणून. पडद्यावर बाळाचे ठोके दिसले... आणि गर्भाशयामागे, माकडहाडाला टेकून, आणखी काहीतरी दिसले. बाळाला बाधू नये म्हणून क्ष-किरण टाळून एमआरआय केला, मुंबईच्या इस्पितळात सुईने तुकडा काढून तपासला. कटिभागातली दुर्मिळ जातीची, सावकाश वाढणारी कर्करोगाची गाठ, असे निदान आले. तो अहवाल मी स्वतः वाचला. शिक्षण सातवीपर्यंतचे असले, तरी कागद समजून घेण्यात मला सहसा कोणी हरवीत नाही.

त्या संध्याकाळी वैशाली माझ्यासमोर येऊन बसली.

"काका, माझ्या पोटात कूळ लागलंय."

"काय बोलतेस हे?"

"मग काय तर! दुसऱ्याच्या जागेत बसलंय ठाण मांडून. एवढ्या लोकांची कुळं काढायला अर्ज लिहिलेत, आता माझा लिहा."

"कूळ कायद्यानं बसतं, बाय. हे अतिक्रमण आहे."

"मग तर लवकर निघेल," ती म्हणाली आणि माझ्या पुढ्यातला चहा उचलून पिऊन टाकला.

सासरी गर्भ पाडण्याचा आग्रह सुरू झाला. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हां सर्वांना समोर बसवून सांगितले की, गर्भ पाडल्याने गाठ जाणार नाही. आत्ताच हात घातला तर बाळ दगावण्याची भीती अधिक. फार थांबलो तर गाठ प्रसूतीची वाट अडवील आणि पायांच्या नसा धरील. चौथा महिना सरला की शस्त्रक्रिया करू. "आम्ही दोघं राहू ना?" वैशालीने विचारले. "प्रयत्न दोघांसाठी. शब्द मात्र देत नाही," बाई म्हणाल्या. वैशालीने सही केली.

गाठ बरीचशी निघाली, नसेला चिकटलेला तुकडा राहिला. पुढे वारंवार तपासण्या झाल्या, दिवस पुरे भरण्याआधी सिझेरियन झाले, स्वरा काही काळ काचेच्या पेटीत राहिली, आईला किरणोपचार मिळाले. त्यानंतर वैशालीने स्कूटर घेतली, पोरीला पुढे उभी करून रत्नागिरीचा बाजार केला, पोरीसंगे भांडली, हसली... गाठ फिरून उद्भवली ती फुप्फुसांत. त्यापुढे इलाज चालला नाही.

बाराव्याला महेशची थोरली काकी, जिच्या शब्दावर ते घर चालते, पंगतीत म्हणाली, "पोरीचा पायगुणच वाईट हो. पोटात आली ती आयशीला गाठ घेऊन आली." स्वरा दारातच होती. नंतर तिने मला विचारले, "आजोबा, पायगुण पायात कुठे असतो?" तेव्हापासून ती घरात शिरताना उंबऱ्याशी थबकते. कुणी 'ये' म्हटल्याखेरीज पाऊल टाकीत नाही.

माझे म्हणणे असे. स्वरा पोटात नसती, तर सोनोग्राफी झाली नसती. कमरेला तेल चोळीत वर्ष गेले असते आणि गाठ बिनबोभाट वाढली असती. डॉक्टरीणबाईंनाही मी हे विचारून घेतले आहे. सबब या प्रकरणी स्वरा आरोपी नाही, प्रथम खबर देणारी आहे. जन्मण्याआधी तिने आईला सावध केले, म्हणून आईला तिच्यासोबत पाच वर्षे मिळाली.

तरी थोरल्या काकींना नम्र परंतु निश्चयपूर्वक विनंती की, त्यांनी आपले वाक्य मागे घ्यावे. उत्तर मला लेखी नको. ते स्वराला, तोंडी, हात धरून तिला घरात घेताना द्यावे.