भरती-ओहोटीचा चौकोन

मास्तरीणबाईंनी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. शहरातल्या सायंदैनिकात सव्वीस वर्षं मुद्रितं तपासता तपासता त्यांनी इतक्या लोकांच्या चुका काढल्या, की हे नाव त्यांना आपोआप चिकटलं. कुणी लग्नाची पत्रिका हातात दिली तरी त्या आधी ऱ्हस्व-दीर्घ बघत आणि मग तारीख. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हिला मी पत्र लिहिलं होतं, तेसुद्धा दुरुस्त होऊन परत आलं." त्यावर बाई म्हणायच्या, "दुरुस्त करून वर होकारही पाठवला होता, ते सांगा की."

पेपर दुपारी दीडला मशीनवर चढायचा. बाईंनी पानाच्या कोपऱ्यात लाल पेनाने गोल काढून त्यात बरोबरची खूण केली, की मशीनमन बटण दाबायचा. खूण नाही तर छपाई नाही. हा नियम थोरल्या मालकांनी घातला होता आणि ते गेल्यावरही चालू होता. छापून झालं की पहिलं पान तीन वाजता रेडिओवाला जसंच्या तसं वाचायचा आणि संध्याकाळी केबलवाला तेच पडद्यावर फिरवायचा. म्हणजे शहराला बातम्या देणारी घरं तीन, पण चूल एकच.

पानात सगळ्यात लहान पण सगळ्यात जास्त वाचला जाणारा मजकूर म्हणजे भरती-ओहोटीचा चौकोन. उद्याच्या वेळा त्यात असत. बंदर कार्यालयातला कारकून दर सोमवारी आठवड्याचा तक्ता पाठवायचा, टायपिस्ट त्यातली एक ओळ चौकोनात भरायचा. मग एकाने तक्त्यावरून मोठ्याने वाचायचं आणि बाईंनी पानावर बोट ठेवून ताडून बघायचं. मात्र ज्याने टाइप केलंय त्याने वाचायचं नाही, हा बाईंचा स्वतःचा दंडक.

त्या सोमवारी वाचणारी जोडीदारीण मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर होती. घड्याळ सव्वा वाजल्याचं दाखवत होतं. बाई टायपिस्टला म्हणाल्या, "वाचा तुम्हीच, उरकून टाकू." त्याने वाचलं, बाईंनी ऐकलं, आकडान् आकडा जुळला. जुळणारच! टाइप करताना त्याने मंगळवारऐवजी खालची बुधवारची ओळ घेतली होती आणि वाचतानाही तीच वाचली. बाईंनी खूण केली.

मंगळवारी सकाळी ओहोटी होती सहा वीसला, पेपरात आली सात दहाला. शिंपल्या काढणाऱ्या सात बायका त्या हिशोबाने किनाऱ्यासमोरच्या वाळूच्या पट्टीवर रमल्या. पट्टी कोरडी असते तेव्हाच पाठीमागचा, किनाऱ्याकडचा चर भरू लागतो, ते वाकून काम करणाऱ्याला दिसत नाही. परत फिरल्या तेव्हा चरात गळ्याइतकं पाणी होतं. होडीवाल्याने त्यांना ओढून काढलं म्हणून जीव वाचले. एकीचा पाय खडकात अडकून मोडला.

बाई नऊला ही बातमी ऐकतच कामावर आल्या आणि आल्या पावली त्यांनी तक्ता काढून बघितला. चूक कळायला त्यांना एक क्षण लागला. एवढी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

साडेदहाला पहिल्या पानाचं मुद्रित टेबलावर आलं. मथळा होता, 'बंदर कार्यालयाचा भोंगळ कारभार: चुकीच्या वेळांमुळे सात जणी संकटात'. ते वाचत असतानाच फोन वाजला. पलीकडे बंदराचा कारकून होता.

"ताई, तुमचा बातमीदार आमच्या साहेबांना विचारून गेला. मी तक्ता बरोबर दिला होता हो. साहेब म्हणतात, पेपरात आलं तर मला निलंबित करावंच लागेल. तुमच्याकडे माझा कागद असेल ना?"

"आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या हातातच आहे."

त्या मुद्रित आणि तक्ता घेऊन तडक मालकांच्या खोलीत गेल्या. थोरल्या मालकांचा हा मुलगा लहानपणी बाईंच्या टेबलाखाली खेळायचा. आता तो गोल खुर्चीत बसून गोल गोल बोलायचा.

"बाई, बसा. बंदरवाल्यांना कुणी विचारत नाही. दोन दिवस बोलतील नि विसरतील. आपलं नाव गेलं तर पेपर कोण घेईल?"

"आणि कारकुनाची नोकरी?"

"सरकारी माणूस आहे, घेतील परत."

"चूक माझी आहे. 'आमची' असं छापा, पहिल्या पानावर."

"पाचव्या पानावर देतो. खाली, छोटंसं."

"बायका पाचव्या पानावर बुडत नव्हत्या," बाई म्हणाल्या आणि तक्ता पर्समध्ये घालून बाहेर आल्या.

बाहेर टायपिस्टची पाचावर धारण बसली होती. "ताई, ओळ मीच चुकवली. माझं नाव सांगितलंत का?"

"खूण कुणाची आहे?"

"तुमची."

"मग गप्प बसा आणि टाइप करा." बाईंनी उभ्या उभ्या चार ओळी सांगितल्या. 'कालच्या अंकातील ओहोटीची वेळ चुकीची होती. बंदर कार्यालयाने दिलेली वेळ बरोबर होती. चूक या वृत्तपत्राची आहे. पाण्यात अडकलेल्या सातही जणींची आम्ही क्षमा मागतो.'

दीड वाजला. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि हाताची घडी घालून बसल्या. पावणेदोनला मालक स्वतः खाली आले. बातमीदाराच्या हातात लाल पेन देऊन त्यांनी त्याच्याकडून खूण करवून घेतली आणि पान मशीनमनपुढे धरलं. मशीनमन म्हणजे महिनोन्महिने तोंड न उघडणारा माणूस. त्याने चष्मा पुसला, पान उजेडात धरलं आणि परत दिलं.

"ही खूण माझ्या ओळखीची नाही, साहेब."

मालकांनी आवाज चढवला. मशीनमन फडक्याने हात पुसत राहिला. दारात विक्रेते सायकलींच्या घंट्या वाजवू लागले. दोन वाजून दहा मिनिटांनी मथळा उतरला आणि त्या चार ओळी पहिल्या पानावर चढल्या. बाईंनी खूण केली.

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या.

तीन वाजता रेडिओवाल्याने सवयीप्रमाणे पान समोर धरून वाचलं. 'चूक या वृत्तपत्राची आहे' हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं आणि मग तो जरासा अडखळला. नवऱ्याने रेडिओ बंद केला. "घर चालेल कसंबसं," तो म्हणाला. "तू घरी बसून माझ्या चुका काढशील, तेवढी एक भीती आहे."

बुधवारी सकाळी बाई दवाखान्यात गेल्या. पाय मोडलेली बाई भिंतीला टेकून बसली होती, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. मास्तरीणबाईंनी आपण कोण ते सांगितलं आणि हात जोडले.

"ऐकलं मी रेडिओवर," ती बाई म्हणाली. " माफी मागितलीत, चांगलं केलंत. पण माफीने माझा पाय जुळत नाही. माझी सून आज संध्याकाळी पेपर बघून उद्या पट्टीवर जाणार आहे. उद्याची वेळ नीट बघितलीत का?"

"मला कामावरून काढलं."

"मग कोण बघतंय?"

बाई उठल्या. रिक्षा केली, रिक्षावाल्याला दोनदा "जरा दामटा" म्हणाल्या आणि साडेबाराला प्रेसमध्ये शिरल्या.

टायपिस्ट एकटाच बंदरातून नव्याने मागवलेला तक्ता पुढ्यात घेऊन स्वतःलाच मोठ्याने आकडे वाचून दाखवत होता. बाईंनी तक्ता त्याच्या हातून काढून घेतला, आपली खुर्ची ओढली आणि गुरुवारच्या ओळीखाली फूटपट्टी ठेवली. आता कुणी वाचायचं नाही, दोन्ही कागद स्वतःच्या डोळ्यांखालून जायचे.

मालक दारात आले. "बाई, मी काल काय म्हणालो होतो?"

"ऐकलंय मी," मान वर न करता बाई म्हणाल्या. "हाकलायला दीडनंतर या. उद्या आठला त्या पाय मोडलेल्या बाईची सून पाण्यात असणार आहे."