वारा पडेपर्यंत

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालगाडीच्या वाघिणी बोटीत चढवल्या, आता एकदा मला कोणीतरी चढवा रे," असं जुमागेल्दी एकदा म्हणाला होता. आक्ताउ बंदरातल्या नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. जेवणाला बसलेले सगळे हसले. कोशान सगळ्यात मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "तुला चढवायला क्रेन लागेल लेका. ती मोडली तर भरून कोण देणार?"

दोघे एकाच वर्षी, माळावरच्या एकाच तळावर जन्मलेले. एकाच वर्षी जन्मलेल्या माणसांनी एकमेकांची टर उडवायची, हा माळावरच्या या लोकांत नुसता हक्क नाही, ते कर्तव्यच. त्यात सवलत नाही. जुमागेल्दीची बायको गेली तेव्हा चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात, भरल्या घरात, कोशान म्हणाला होता, "सुटली बिचारी तुझ्या घोरण्यातून." आणि बायको गेल्यापासून जुमागेल्दी पहिल्यांदा हसला होता. हसता हसता रडला होता.

आज तोच कोशान त्याच्या घराचा जिना चढत होता आणि प्रत्येक मजल्यावर थांबत होता.

जुमागेल्दीचा मुलगा सानात तुर्कस्तानात, त्राब्झोनला, इमारतींच्या कामावर होता. तो परांचीवरून पडला आणि जागच्या जागी गेला. फोन आला तो बहिणीला, आक्लिमाला. तिनं आधी बापाचा फोन दुरुस्तीच्या नावाखाली काढून घेतला, मग कोशानच्या घरी जाऊन उंबऱ्यातच बसकण मारली. पण अशी बातमी दारातून आत फेकायची नसते. भाऊबंद जमतात, माणसाला मधे बसवतात, आणि सगळ्यात वडीलधारा माणूस दुरून दुरून शब्द आणत त्याला तिथवर नेतो. जेतिबाय गावचा म्हातारा शामगुल ते करणार होता. त्यानं निरोप पाठवला होता : मयत किनाऱ्याला लागेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. समोर पोरगा नसेल तर बाप डोकं कुठे टेकणार?

सानातची शवपेटी एका गाववाल्याच्या ट्रकमधून निघाली, बाकूजवळ बोटीत चढली, समुद्र ओलांडून इथवर आलीसुद्धा. पण वाऱ्यामुळे बंदर बंद होतं. बोट बाहेर नांगर टाकून उभी होती. जुमागेल्दीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती स्पष्ट दिसायची.

आणि जुमागेल्दी त्याच बोटीची वाट बघत होता. ती रिकामी होऊन परत निघाली की तो आपली जुनी निवा गाडी घेऊन तिच्यात चढणार होता. मुलानं वसंतातच आग्रह केला होता : बाबा, विमान नको, गाडीनं या, आपण मिळून समुद्राकडेनं फिरू.

कोशान आत आला तेव्हा टेबलावर नकाशा पसरला होता. चार कोपऱ्यांवर चहाचे कटोरे ठेवले होते.

"ये म्हाताऱ्या," जुमागेल्दी म्हणाला. "जिना चढलास की डोंगर? खालपासून तुझा भाता ऐकतोय."

"दम लागतो हल्ली," कोशान म्हणाला.

"बघ इथे. पलीकडे उतरलो की बाकूत थांबायचंच नाही. सरळ गांजा, मग सरहद्द, तिबिलिसी. तिथे टायर बघायचे, कारण पुढे घाट. मग बातुमी, आणि मग डावीकडे डोंगर, उजवीकडे पाणी. सानात म्हणतो, रस्ता चुकायचा म्हटला तरी चुकता येत नाही."

म्हणतो. कोशाननं खिडकीकडे पाहायचं टाळलं.

"इंजिनाचा पट्टा बदललास?" त्यानं विचारलं.

"बदलला. जुनाही बरोबर घेतलाय. पाण्याचे कॅन घेतले. सानातसाठी घोड्याचं मांस घेतलं, दह्याचे गोळे घेतले. तिकडच्या चीजवर पोरगा वाळून गेला असेल." त्यानं पायानं गाठोडं पुढे ढकललं. "तुला नेलं असतं, पण बोटीवर गुरांचं भाडं वेगळं पडतं."

इथे कोशाननं काहीतरी फेकून मारायला हवं होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

जुमागेल्दीनं मान वर केली, क्षणभर पाहिलं, पुन्हा नकाशावर वाकला. आक्लिमानं चहा ओतला. तो कटोऱ्याबाहेर, नकाशातल्या बातुमीवर सांडला.

"बुडवलंस गं गाव," बाप म्हणाला. कोणी हसलं नाही.

तेवढ्यात खिडकीची काच वाजायची थांबली. गेले कित्येक दिवस ती वाजत होती, त्यामुळे शांतताच दचकवून गेली. जुमागेल्दी खिडकीशी धावला. बोटीच्या धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता.

"नांगर उचलतायत! कोशान, ऊठ! आत्ता गेलो तर रांगेत पहिला नंबर लागेल."

कोशान उठला आणि दारात उभा राहिला. शामगुल अजून रस्त्यातच होता. भाऊबंद खाली अंगणात जमायला लागले होते, वर यायचं धाडस कोणाचं होत नव्हतं.

"घाई कशाला? रिकामी व्हायला वेळ लागेल तिला."

"मला शिकवतोस? बाजूला हो, बोकडा. का मी गेल्यावर चहा कोण पाजणार म्हणून पोटात दुखतंय?"

"नाही रे," कोशान म्हणाला. "तू जा. सांभाळून जा, भाऊ."

भाऊ. साठ वर्षांत कोशाननं त्याला गाढव म्हटलं होतं, उंट म्हटलं होतं, फुटकं डबडं म्हटलं होतं. जुमागेल्दी किल्ली हातात धरून तसाच उभा राहिला.

मग त्यानं घराकडे असं पाहिलं, जसं काही ते दुसऱ्या कोणाचं होतं. चुलीवर शेजारणीचं मोठं पातेलं चढलं होतं. एवढं मटण दोघांसाठी नव्हतं. आक्लिमाची पाठ त्याच्याकडे होती. घरात मयत झालं की झाकतात तसा भिंतीवरचा आरसा झाकलेला होता. धुळीसाठी झाकलाय असं ती सकाळी म्हणाली होती, आणि त्यानं मानलं होतं.

"बोटीवर कोण आहे?" त्यानं विचारलं.

"कोण असणार," कोशाननं आवाज चढवला, आता तरी जुना सूर लागावा म्हणून, "तुझ्यापेक्षा शहाणी माणसं, जी—"

त्यानं वाक्य अर्धं सोडून खिडकीकडे पाहिलं. शामगुलचं काम त्याच्या तोंडानं, तेही अर्धवट, होऊन गेलं होतं.

जुमागेल्दीनं कटोरे एकेक करून उचलले. ओला नकाशा जुन्या घड्यांवरच नीट मिटला. गाडीची किल्ली कोशानच्या समोर ठेवली. गाठोडं उचललं, त्याचं वजन हातात पाहिलं, आणि पुन्हा खाली ठेवलं. खुंटीवरची टोपी घेतली. कोशान दारातून बाजूला झाला. आक्लिमा "बाबा" म्हणाली.

तो खिडकीकडे न पाहता, कोणाला काही न विचारता जिना उतरून बंदराकडे निघून गेला.