लांब दांड्याचा विळा

आमच्या घरामागचा उतार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो फार आवडला होता. घर घेताना माणूस अशाच चुका करतो. आरमोरी तालुक्यात मी मास्तरीण म्हणून नोकरी केली, तिथंच निवृत्त झाले, आणि चिमूरला माहेराजवळ न जाता या टेकडीच्या माथ्यावरचं घर घेतलं. मागचं आवार मोहाच्या झाडापासून जे खाली उतरतं ते थेट नाल्याकाठच्या पायवाटेला टेकतं. रिकाम्या हातांनी उतरतानासुद्धा एखादं झुडूप धरावं लागतं.

पावसाळ्यात या उतारावर गवत माजतं. ते कमरेला लागलं की खालच्या वाटेनं जाणाऱ्या बाया एकमेकींना हाका मारत जातात. गवतात वाघ असतोच असं नाही, पण नसेलच असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. म्हणून दिवाळीच्या आधी उतार साफ व्हायलाच हवा, आणि ते काम आम्ही आल्यापासून एक बाई करत होती.

ती पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंड घरची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणते, ती मला म्याडम. पैसे ती घेत नाही, कापलेलं गवत तिचं. त्या गवतावर तिचे दोन बैल उन्हाळा काढतात. तिचं काम बघत राहावं असं. वरून खाली ती कधी कापत नसे, उताराला आडवी जायची. बसून, डाव्या मुठीत गवत, उजव्या हातात विळा. मध्ये मध्ये गवताची एक ओळ मुद्दाम उभी ठेवायची, म्हणजे कापलेल्या पेंढ्या त्या ओळीला अडून राहायच्या, गडगडत नाल्यात जायच्या नाहीत. शेवटी ती ओळही कापायची. मी आयुष्यभर मुलांना भूमिती शिकवली, पण उतार समजला तो हिला.

गेल्या वर्षी ती पडली आणि तिचं मनगट मोडलं. कशी पडली ते पुढं सांगते, सांगायला जड जातं.

यंदा मी ठरवलं की बाईला उतारावर पाठवायचं नाही, मशीन आणायचं. आमच्या ह्यांनी चार दिवस मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि चार चाकांचं, ढकलायचं, पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन मागवलं. दिसायला देखणं होतं. ते उतारावर पळू नये म्हणून ह्यांनी त्याला मागून दोर बांधला आणि दोराचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. मोहाचं झाड हाताच्या अंतरावर असताना. मशीन दहा पावलं नीट गेलं, मग आडवं झालं, दोन कोलांट्या घेऊन नाल्यात गेलं. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या कच्च्या गाठींना नावं ठेवत आले आहे. त्या दिवशी गाठ कच्ची होती म्हणूनच हे वर राहिले. मी आधी रडले आणि मग जे बोलायचं ते बोलले.

मशीन आरमोरीला एका मिस्त्रीकडे नेलं. त्याच्या वडिलांची लोहाराची भट्टी होती, अजूनही आहे, पण दुकानाच्या मागे. पुढं तो पाण्याचे पंप आणि धान कापायची मशीनं दुरुस्त करतो. त्यानं इंजिन उघडलं आणि आमच्याकडे डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांकडे पाहतात तसं पाहिलं. हे इंजिन सपाटीचं आहे म्हणाला. तिरपं झालं की आतलं तेल एका बाजूला जातं, आणि इंजिन कोरडं चालून जळतं. गवत कापणारी बाई गेल्या वर्षी पडली एवढं सांगून मी विचारलं, मग उतारासाठी कोणतं देता? दुकानात तीन प्रकार टांगलेले होते. दुसऱ्या कोणी सगळ्यात महागाचं काढून दिलं असतं. तो म्हणाला, आधी उतार पाहतो. असा दुकानदार मला या वयात पहिल्यांदा भेटला.

शुक्रवारी नमाज झाल्यावर तो आला, दोन्ही खांद्यांना पट्टे असलेलं गवत कापायचं कटर मोटरसायकलवर बांधून. आधी त्यानं मोहाखाली लोटाभर पाणी ओतलं आणि ते कुठून कसं धावतं ते पाहिलं. मग कटर अंगावर चढवून, चालू न करता, उतारावर आडवा चालला, वळला, परत आला. दोनदा थांबला, पायानं दगड चाचपले. बाई झाडाखाली बसून हे सगळं बारकाईनं बघत होती. मी तिला मुद्दाम बोलावलं होतं, तिला बरं वाटावं म्हणून.

वर आल्यावर त्यानं हिशेब मांडला. इंजिन टू-स्ट्रोकच हवं, त्यात तेल पेट्रोलातच मिसळतात, कसंही तिरपं झालं तरी चालतं. लोखंडी पातं लावायचं नाही, दगडाला लागलं की उसळतं आणि माणसाचा तोल जातो. नायलॉनची दोरी लावायची. डोळ्यांना चष्मा, पायात बूट, आणि आसपास कोणी उभं राहायचं नाही. चालवायला तो त्याच्या ओळखीचा एक सवयीचा माणूस पाठवणार होता. मला एकदम हायसं वाटलं. माझ्या मनावरचं ओझं एका कटरनं उतरणार होतं.

तेवढ्यात बाईनं विचारलं, "गवत कसं निंगल यातून?"

मिस्त्री खोटं बोलला नाही. नायलॉनच्या दोरीनं गवताचा भुगा होतो, पेंढी बांधता येत नाही, बैलाच्या उपयोगाचं राहत नाही, असं त्यानं सांगितलं. बाईनं मान हलवली आणि मोहाच्या मुळावरची माती बोटानं उकरत बसली. तिच्या बैलांचा उन्हाळा गेला, हे तिथं सगळ्यांना कळलं.

मिस्त्री तिच्यासमोर उकिडवा बसला. "बाई, तुमी गेल्या साली पडल्या कशा? पाय घसरला का चक्कर आली? सांगा, सामान त्याच्यावर ठरते."

बाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हातारी झाली," ती म्हणाली. "पाय नाई राह्यले आता."

मिस्त्रीनं हळूच मान डोलावली. पाय राहिले नसतील तर विळा बंद, असंच त्याच्या तोंडावर आलं होतं. आणि मी गप्प बसले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. बाई माझी चूक स्वतःच्या वयावर घेत होती, आणि त्यापायी तिचं गवत जात होतं. मला स्वतःचीच शरम वाटली.

मी सांगितलं. गेल्या वर्षी माझ्या मुलीला बघायला नागपूरची माणसं येणार होती. आदल्या रात्री पाऊस झाला होता, उतार निथळत होता. बाई म्हणाली होती, ऊन लागू द्या, दुपारी कापते. मला पाहुण्यांआधी आवार नीट दिसायची घाई. मी तिला म्हटलं, तुला होत नसेल तर राहू दे, मी दुसरी पाहते. ती ओल्या गवतात उतरली आणि तिसऱ्या पट्ट्याला पडली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही.

मिस्त्रीनं बाईला उतारावर आडवं चालून दाखवायला सांगितलं. ती अनवाणी सरसर गेली आणि आली, बोटं जमिनीत रोवत, कुठंही न डगमगता. तो तिच्या पायांकडे पाहत राहिला.

"हे आधी सांगाचं होतं, म्याडम," तो मला म्हणाला. "मी चुकीचं सामान देऊन राह्यलो होतो."

कटर त्यानं परत मोटरसायकलवर बांधलं. पुढच्या आठवड्यात तो तीन वस्तू घेऊन आला. ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादाचा विळा, मागच्या भट्टीत स्वतः घडवलेला, बाईच्या छातीइतक्या लांब बांबूच्या दांड्याला बसवलेला. म्हणजे वाकायला नको, बसायला नको, मोडलेल्या मनगटावर भार नको, आणि पातं पायापासून लांब. दुसरी वस्तू, टाचेला पट्टा असलेल्या टायरच्या चपला. तिसरी, जुन्या जीपच्या सीटबेल्टचा कमरपट्टा, दोर अडकवायला कडी लावलेला. बाईनं विळा हातात घेऊन हवेत दोनदा फिरवला आणि दांडा चार बोटं कमी करायला लावला. त्यानं तिथंच कमी केला. दोन कारागिरांचं ते मोजकं बोलणं मला फार सुंदर वाटलं.

कापायच्या दिवशी बाई सकाळीच आली आणि मोहाखाली बसली. दव पडलं होतं. आठ वाजले, नऊ वाजले. अधूनमधून ती गवताच्या बुडाशी तळहात लावून पाहायची आणि परत बसायची. माझा जीव वरखाली होत होता, सवयच ती. पण मी चहा करत राहिले, तोंड उघडलं नाही. अकराच्या सुमाराला तिनं तळहात पदराला न पुसता मला दाखवला. कोरडा होता.

तिनं पट्टा बांधला. दोराचं एक टोक कडीत, दुसरं मोहाच्या बुंध्याला. गाठ स्वतः मारली, दोनदा ओढून पाहिली. मग झाडाजवळचा दोर उचलून माझ्या हातात दिला.

"झाडाले बांधला हाय," ती म्हणाली. "तरी तुमी धरून राहा."

मी दोर धरला. ती आडवी निघाली, एक ओळ उभी ठेवत, पेंढ्या त्या ओळीला अडवत, आणि शेवटची पेंढी बांधून होईपर्यंत मी तो दोर सोडला नाही.