एका तांब्याचं पाणी

आमच्या शेजारच्या मास्तरांइतका माणसं तोडणारा खरेपणा अख्ख्या सोलापुरात कुणापाशी नसेल. गणित शिकवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मूलबाळ नाही. आणि कुणी नुसतं ‘यंदा आंबा महागलाय’ म्हटलं, तरी ‘किती दुकानांत विचारलंत?’ म्हणून उलटतपासणी सुरू. एका लग्नात व्याही म्हणाले, ‘जिलबी सगळ्यांना आवडली,’ तर हे उठून उष्ट्या पत्रावळी पाहून आले. तेव्हापासून आमंत्रणं बंद. उरले एक वकीलसाहेब. ते रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळायला येत, आणि मास्तर दुपारपासूनच मोहरे पुसत बसत.

त्या वर्षी माग बंद पडले आणि भवानी पेठेतल्या विणकर विधवांना मदतनिधीतून दरमहा रोख पैसे मिळू लागले. त्या पैशांचं काय होतं हे पाहायला निधीतर्फे वकीलसाहेब घरोघर फिरले आणि अहवाल छापला: प्रत्येक घरी पितळेचा लखलखीत तांब्या आहे, पैसा चैनीत जातो, मदत थांबवावी. मास्तर भर उन्हात मला ओढून पेठेत घेऊन गेले आणि दर घरी पाणी मागत सुटले. दर घरी तोच, काठाला पोचा पडलेला तांब्या! आमचं बोलणं चालू असताना तो मागच्या दारानं पुढच्या घरी जात होता. मास्तरांनी विचारलं तेव्हा एक बाई हसून म्हणाली, “मोठा मानूस दारात आल्यावर त्याला मडक्यातनं पानी द्यायचं व्हय? तांब्या एकीचाच हाय की, आमी फिरवतो.”

मास्तर आधी वकीलसाहेबांच्या घरी गेले. “अहवाल छापून झालाय, आता माझी शोभा करू नका,” साहेब म्हणाले. मग मदतनिधीच्या भर सभेत मास्तर उभे राहिले. “साहेब, आपण एकाच तांब्यातून अख्ख्या पेठेचं पाणी प्यालात.” सभा खदखदून हसली. मदत चालू राहिली. वकीलसाहेब मात्र पुन्हा आले नाहीत.

मास्तर ही बातमी द्यायला पेठेत गेले, तेव्हा मी बरोबर होतो. त्याच बाईनं दार अर्धंच उघडलं. “पैसं चालू ऱ्हायलं, लई बरं झालं. पर आमचा तांब्या सभेत कशाला काढला वो? समदी हसली की.”

परतताना मास्तर म्हणाले, “माझं चुकलं का रे?”

“तुमचं म्हणणं बरोबर होतं,” मी म्हणालो.

“ते माहीत आहे मला.”

कुलूप काढताना त्यांनी विचारलं, “चहा टाकतो, बसतोस थोडा?” बसलो. अंधारून आलं तरी त्यांनी दिवा लावला नाही, आणि मीही ‘येतो’ म्हणालो नाही.