बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही

डॉक्टर म्हणाले, दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं नाही आणि खाकरायचंही नाही. माझ्या स्वरतंतूवरची एक बारीकशी गाठ त्यांनी आदल्या दिवशी काढली होती आणि जखम भरेपर्यंत घशाला पूर्ण विश्रांती हवी होती. मी हातानेच विचारलं, मग पुढे? ते म्हणाले, "पुढे आवाज कसा येतो ते बघू." डॉक्टरच्या तोंडचं 'बघू' मला कधीच आवडलेलं नाही.

माझं सगळं आयुष्य आवाजावर चाललंय. आधी बरीच वर्षं मुंबईत रेडिओवर होते. आता पनवेलजवळच्या एका विद्यापीठात आहे. तिथे चित्रकला, डिझाइन, फिल्म, रेडिओ असं सगळं शिकवतात आणि नातेवाईक विचारतात, मग ही मुलं शेवटी करतात काय? मी तिथे माइकसमोर बोलायला शिकवते. शिवाय विद्यापीठाचं स्वतःचं छोटं रेडिओ स्टेशन आहे, आसपासच्या गावांपुरतं, आणि त्यावर सकाळी आठ ते नऊ मी बोलते. आज पाणी कुठे येणार नाही, करंजा बंदराला बोटी लागल्या का, उलव्याकडचा कुठला रस्ता खणून ठेवलाय, मध्ये एखादं गाणं, एखादी मुलाखत. आमच्या स्टेशनवर बोलणारा स्वतःचं नाव सांगत नाही. ही शिस्त मीच घातली. आवाज हीच ओळख असली पाहिजे, असं मी मुलांना ठणकावून सांगते. आता खरं सांगायचं तर लोक मला आवाजावरून ओळखतात याची मला भारी हौस होती.

तो तास दहा दिवसांसाठी मी माझ्या एका विद्यार्थिनीकडे दिला. उलव्याजवळच्या एका गावातली मुलगी. घरची शेती आणि मिठागरं होती, ती जमीन सरकारी प्रकल्पात गेली, आता त्याच गावात त्यांची स्वतःची तीन मजली इमारत आहे. चार वर्षांपूर्वी ती आमच्याकडे आली तेव्हा 'हाय', 'नाय', 'आमी', 'तुमी' असं बोलायची. आवाज मात्र असा, की मी खुर्चीत सरळ बसले. दोन वर्षं मी तिच्या मागे हात धुऊन लागले होते. दातात पेन्सिल धरून वाचायला लावलं. एकेक वाक्य आधी मी म्हणायचे, मग ती. नाही जमलं की पुन्हा मी, पुन्हा ती. वर्गातली मुलं हसायची, कधीकधी मीही हसायचे. माझा जन्म चिपळूणचा, पण माझ्या बोलण्यात चिपळूण कुणाला दुर्बीण लावूनही सापडणार नाही, आणि हे मी तिला अभिमानाने सांगायचे. आता ती आमच्या रेडिओ स्टेशनवरच नोकरीला आहे, पनवेल रेल्वे स्टेशनजवळ मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी. तरीही तिला तास देताना माझा जीव खालीवर होत होता. माझा आवाज परत आला नाही, तर हा तास कायमचा तिचा, हे मला दिसत होतं. तिला दिसत होतं की नाही कोण जाणे.

पहिले तीन दिवस मी घरात नुसती फिरले. खांदा कॉलनीतला आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा, फिरून फिरून फिरणार किती? कपाटं आवरली, मसाल्याचे डबे पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. इस्त्रीवाला आला की दार उघडून मख्खासारखी उभी. शेजारीण लिफ्टमध्ये "बऱ्या आहात ना?" म्हणाली, मी मान हलवली, ती म्हणाली "रागावलात का?" आणि मी खरोखरच रागावले. माझा राग तोंडावाटे निघून जाणारा आहे. तोंडच बंद केल्यावर तो जातो कुठे, हे मला त्या दिवसांत कळलं. तो हातात येतो. दोन कप फुटले.

नवऱ्याला मात्र सुख लागलं होतं. तो त्याच विद्यापीठात ड्रॉइंग शिकवतो, स्वभावाने शांत, माझ्या अगदी उलटा. त्याने मला पाटी आणून दिली आणि जेवताना म्हणाला, "लग्नानंतर आज पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण झालं." मी पाटीवर लिहिलं, 'मजा करून घे.'

सकाळी आठला मात्र मी स्वयंपाकघरात रेडिओसमोर बसायचे. हातात पेन आणि वही, तिच्या चुका टिपायला. पहिल्या दिवशी दोन सापडल्या. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी मी पेन हातात धरून तासभर बसले आणि वही कोरी राहिली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल थोडा. पण मी उठून ओटा इतका घासला की नवऱ्याने आत येऊन पाहिलं.

चौथ्या दिवशी श्रोत्यांचे मेसेज बघितले. स्टेशनचा व्हॉट्सॲप नंबर माझ्या फोनवरही उघडतो. कामोठ्याच्या एका काकांचा निरोप होता, "मॅडम, आज आवाज एकदम ताजातवाना." कुणी लिहिलं होतं, "ताई, तुमच्यामुळे सकाळ छान होते." खाली आणखी कितीतरी. मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचले. मी नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आजारी आहात का, सुट्टीवर आहात का, असं कुणीही विचारलेलं नव्हतं.

अंगाचा तिळपापड झाला. फोन नवऱ्याच्या नाकासमोर धरला आणि पाटीवर लिहिलं, 'एकालाही कळलं नाही!'

त्याने शांतपणे सगळे मेसेज वाचले आणि म्हणाला, "मग झालं की. तुला हेच हवं होतं ना?"

मी पाटी आपटली.

"मी मुलांच्या कागदाला हात लावत नाही," तो म्हणाला. "चूक दिसली तर माझ्या वहीत काढून दाखवतो. एकदा त्यांच्या कागदावर माझी रेघ पडली की ते चित्र त्यांचं राहत नाही. मला ते आमच्या सरांनी शिकवलं. तुझं तसं नसतं. तू वाक्य म्हणतेस, ते तुझ्यासारखं म्हणतात, आणि जितकं तुझ्यासारखं तितके मार्क जास्त."

पाटीवर या माणसाला पुरेल एवढी जागा नव्हती. मी 'आवाज म्हणजे चित्र नव्हे' एवढंच लिहिलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोरच्या प्लॉटवर जेसीबी खणत होता. त्याचा हेवा वाटला, त्याला तरी आवाज करायची मुभा होती.

आठव्या दिवशी सकाळी, कार्यक्रम चालू असताना, बेल वाजली. दारात त्या मुलीची आई. पदवीदानाला एकदा भेटल्या होत्या तेवढंच. पुतण्याने गाडीतून आणलं होतं, तो खाली थांबला होता. हातात पिशवी, तिच्यातला सुक्या जवळ्याचा वास त्यांच्या आधी घरात शिरला. नवरा नुकताच विद्यापीठात गेला होता. मी त्यांना स्वयंपाकघरातच बसवलं, कारण मला रेडिओ सोडवत नव्हता.

"तुमी बोलू नका, बाई," त्या बसता बसता म्हणाल्या. "पोरीनं सांगितलंय मना. मी बोलते, तुमी ऐका."

मी चहा ठेवला. त्या जरा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. रेडिओवर पाण्याच्या वेळा चालल्या होत्या.

"राग नाय धरायचा," त्या म्हणाल्या. "पोर म्हनली, आता धा दिस रेडिओवर मी बोलनार. आमी सगली सकाली मोबाइल लावून बसतो. सासरे पन बसतात, त्यांना ऐकू कमी येतं तरी. रोज वाट बघतो, आज बोलंल, उद्या बोलंल. पन रोज तुमीच बोलता."

मी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"घरातले म्हनतात, बाईंचं आदी भरून ठेवलेलं लावत असतील. आसंल. तिला फोनवर इचारलं तर म्हनते, बोलते की रोज. आमच्याम्होरं लाज राखते बिचारी. तुमी मोठ्या हाव, तुमचं नाव हाय. पन एक दिस तरी तिला बोलू द्या, बाई. एवढंच सांगायला आले."

मी रेडिओकडे बोट दाखवलं, मग त्यांच्याकडे.

"हां," त्या म्हणाल्या, "तुमीच."

मी जोरजोरात मान हलवली. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ही तुमची मुलगी आहे', आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी पाटीकडे पाहिलं आणि त्या ओशाळून हसल्या. "मना वाचता नाय येत."

मी आयुष्यात इतकी अगतिक कधी झाले नव्हते. तोंडात वाक्य तयार होतं, चार शब्दांचं, आणि ते गिळून बसायचं. एकदा वाटलं, जाऊ दे तो घसा, बोलून टाकावं. ओठ उघडलेही. मग भीती वाटली आणि मिटले. त्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

तेवढ्यात गाणं सुरू झालं. मी स्टुडिओतल्या तिच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. तिने उचलला, घाबरून म्हणाली, "काय झालं, मॅडम?" मी फोन तिच्या आईच्या हातात दिला. आईला तिथे बघून ती गोंधळली, हसली, "आई, गाणं संपतंय, थांब हं," म्हणाली आणि फोन समोर टेकवून ठेवून माइककडे वळली. गाणं संपलं. कानावर हेडफोन, समोर कागद, तिचे ओठ हलायला लागले. आणि ओट्यावरच्या रेडिओतून, जरासा मागेपुढे, माझा आवाज आला.

त्यांनी फोनकडे पाहिलं. रेडिओकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, ते मिटलेलं आहे याची खात्री केल्यासारखं. पुन्हा फोनकडे.

"ही माजी बोलते?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. मला वाटलं त्यांना आनंद होईल. त्या डोळे न हलवता ऐकत राहिल्या, पुढचं गाणं लागेपर्यंत.

"चांगलं बोलते," त्या म्हणाल्या. जरा वेळाने, "तुमच्यासारकंच बोलते." मग फोन माझ्याकडे देताना स्वतःशीच, "आईला कललं नाय. सासऱ्यांना काय सांगू आता?"

चहा त्यांनी अर्धाच घेतला. मला लाज वाटली, नुसतं वाईट नाही, लाज. चार दिवस मी यासाठी जळत होते की लोकांना मी नसल्याचं कळलं नाही. ती आहे, हे तिच्या आईला कळत नव्हतं, हे मला सुचलंही नव्हतं. त्या गेल्यावर मी वहीतलं त्या दिवसाचं पान फाडून टाकलं, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं तरी.

अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बोला." काय बोलायचं ते न सुचून मी 'नमस्कार' म्हणाले. आवाज आला, पण खालच्या पट्टीतला, खरखरीत, कुणा दुसऱ्याच बाईचा. अजून सुधारेल, पूर्वीसारखा होईलच असं नाही, ते म्हणाले. आणि पहिला आठवडा दिवसातून पाच मिनिटंच. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी मुलीला मेसेज केला, कार्यक्रम संपला की घरी ये.

ती आली. सोफ्याच्या अगदी कडेला बसली. आई येऊन गेल्याचं तिला माहीत होतं, पण तिने विषय काढला नाही. मी घड्याळ समोर ठेवलं आणि त्या नव्या आवाजात बोलायला लागले. ती दचकली. मी म्हटलं, माझं चुकलं. तुला शिकवताना तुझं जे होतं ते मी पुसून टाकलं, आणि वर तुला शाबासकी दिली. सकाळचा तास आता तुझा, मी परत मागणार नाही, आणि नाव सांगून बोल. "फक्त एक कर," मी म्हणाले, "घरी बोलतेस तशी बोल. आईशी बोलतेस तशी."



"मॅडम, घरी मी बोलत नाही."

"म्हणजे?"

"पहिल्या वर्षी एकदा जेवताना चुकून 'मला नको आहे' म्हणाले. सगळे हसले. आजोबा म्हणाले, आली मोठी बाईसाहेब. वाईट हेतू नव्हता कुणाचा. पण मी परत पहिल्यासारखं बोलायला गेले तर तेही नीट येईना, नाटक केल्यासारखं वाटायला लागलं. मग मी बोलणंच कमी केलं. जेवलीस का, निघाले, पोचले, ठेवते. एवढंच बोलते मी आईशी. तीन वर्षं झाली."

हे सगळं ती स्वच्छ बोलली, एकही अक्षर न गिळता, योग्य तिथे थांबत. घड्याळात माझी दोन मिनिटं शिल्लक होती. मी घड्याळ पालथं ठेवलं.